जुन्या नावाचा आणि जुन्या पत्त्याचा माग

आमच्या कामाच्या ठिकाणी एका कोपऱ्यात एक लिनक्स यंत्र गेली काही वर्षे अखंड चालू आहे. सुरुवातीला ते चाचणीपुरते लावले होते, म्हणून त्याचे नाव 'टेस्ट२' असे ठेवले गेले आणि पत्ता म्हणून १९२.१६८.१०.१२० हा आकडा हाताने भरला गेला. पुढे त्यावर सगळ्यांच्या सामायिक फाइली आल्या, स्कॅन केलेली कागदपत्रे तिथे साठू लागली, इतर संगणकांचे बॅकअप तिथे जाऊ लागले आणि चाचणीचे यंत्र रोजच्या कामाचे केव्हा झाले हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. या वर्षी त्याचे नाव आणि पत्ता दोन्ही बदलण्याची वेळ आली. यंत्रावरचा प्रत्यक्ष बदल दहा-पंधरा मिनिटांचा होता. जुने नाव आणि जुना पत्ता वापरातून पूर्णपणे काढायला मात्र पाच आठवडे लागले, आणि हे लिहावेसे वाटले ते त्या पाच आठवड्यांमुळे.

बदलाचे निमित्त असे घडले. यंत्राची रॅम वाढवण्यासाठी ते अर्धा तास बंद ठेवले होते. आमचा राउटर डीएचसीपीने, म्हणजे संगणकांना आपोआप पत्ते देणाऱ्या पद्धतीने, शेवटचा आकडा १०० ते २०० या टप्प्यात असलेले पत्ते वाटतो, आणि १२० हा पत्ता त्याच टप्प्यात बसतो. हाताने भरलेल्या पत्त्याची राउटरकडे काहीच नोंद नसते. एरवी यंत्र चालू असल्यामुळे तो पत्ता व्यापलेला दिसत असे. त्या अर्ध्या तासात तो मोकळा दिसला आणि राउटरने तो एका लॅपटॉपला देऊन टाकला. यंत्र पुन्हा चालू केल्यावर एकाच पत्त्याचे दोन मालक झाले. अशा वेळी दिसणारी लक्षणे फार फसवी असतात. काही जणांना फोल्डर उघडता येत होते, काहींना येत नव्हते, आणि दहा मिनिटांनी परिस्थिती नेमकी उलटी होत होती. स्थानिक जाळ्यात पॅकेट अखेर पोहोचते ते नेटवर्क कार्डाच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावर. कोणता आयपी पत्ता कोणत्या कार्डाचा आहे, हे प्रत्येक संगणक एआरपी या पद्धतीने विचारून घेतो आणि उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवतो. दोघांनी उत्तर दिले, की ज्याचे उत्तर ज्याच्या तक्त्यात राहिले तिकडे त्याची पॅकेट जातात. केबल सैल असावी, स्विच बिघडला असावा, असे तर्क करण्यात आमची अर्धी सकाळ गेली. दोन वेगवेगळ्या संगणकांवर एआरपीचा तक्ता उघडून १२० समोरचा मॅक पत्ता ताडून पाहिला, तेव्हा दोन निराळे मॅक पत्ते दिसले आणि उलगडा झाला.

राउटरमध्ये १२० हा पत्ता त्या यंत्राच्या मॅकसाठी राखून ठेवला असता तर तंटा तिथेच मिटला असता, आणि तात्पुरते मी तेच केले. पण आमच्याकडे सर्व्हरसाठी १० ते ४९ हा टप्पा ठरलेला आहे आणि कोणाला कुठे जाता येईल हे ठरवणाऱ्या फायरवॉलचे नियम त्याच टप्प्यावर बेतलेले आहेत, त्यामुळे हे यंत्र तिथे नेणे योग्य होते. नवा पत्ता १९२.१६८.१०.२० असा ठरला. पत्ता बदलायचाच आहे, तर 'टेस्ट२' हे दिशाभूल करणारे नावही जावे, असे मी ठरवले.

नाव आणि पत्ता या दोन गोष्टी एकत्र उच्चारल्या जातात, पण त्यांचे काम वेगळे आहे. पत्ता जाळ्यासाठी असतो आणि जागा बदलली की तो बदलू शकतो. नाव माणसांसाठी आणि माणसांनी लिहिलेल्या प्रोग्रामसाठी असते, आणि पत्ता बदलला तरी ते टिकावे अशी अपेक्षा असते. या दोघांची जोडी लावून देणारी यादी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आरपानेटच्या काळात एकच होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती राखली जाई, आणि प्रत्येक ठिकाणचे लोक ती फाइल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही एकच यादी सांभाळणे अशक्य होत गेले, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस या यंत्रणेची रचना मांडली. आज वापरात असलेले तिचे मूळ स्वरूप १९८७ सालचे आहे. मात्र ती जुनी यादी संपूर्ण नाहीशी झाली नाही. लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर होस्ट्स नावाची छोटी फाइल अजूनही असते, आणि सर्वसाधारण मांडणीत संगणक डीएनएसला विचारण्यापूर्वी तिच्यात पाहतो. एखाद्याने कधीकाळी तिच्यात एक ओळ लिहून ठेवली असेल, तर डीएनएसमध्ये कितीही दुरुस्त्या केल्या तरी तो संगणक जुन्या पत्त्यावरच जात राहतो. ही ओळ मला पुढे प्रत्यक्ष भेटली.

नाव निवडण्याचे नियम मोजकेच आहेत, पण ते पाळले नाहीत तर त्रास उशिरा आणि अनपेक्षित ठिकाणी होतो. नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच असावे. जोडरेघ सुरुवातीला किंवा शेवटी नसावी. लहान-मोठ्या लिपीचा फरक मानला जात नाही, म्हणून सगळी अक्षरे लहान ठेवावीत. अंडरस्कोअर टाळावा, कारण काही प्रणाली तो चालवून घेतात आणि काही नाकारतात, आणि असे अर्धवट चालणारे नाव पूर्ण न चालणाऱ्या नावापेक्षा जास्त वेळ खाते. डीएनएसमध्ये दोन टिंबांमधला एक भाग ६३ अक्षरांपर्यंत लांब असू शकतो, परंतु विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत नावाला १५ अक्षरांचीच जागा आहे. सोळावा बाइट सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखलेला असतो. त्याहून लांब नाव दिले तर त्या पद्धतीत ते १५ अक्षरांवर छाटले जाते, आणि दोन यंत्रांच्या नावांची पहिली १५ अक्षरे सारखी असतील तर ती एकमेकांशी भांडतात. म्हणून मी १५ हीच मर्यादा मानतो.

नावात काय लिहावे याबद्दल माझे मत हळूहळू बदलत गेले आहे. पूर्वी मी यंत्राच्या कामावरून नाव देत असे. 'प्रिंट', 'बॅकअप', 'टेस्ट' अशी. यंत्राचे काम बदलते आणि नाव खोटे पडते, याचे 'टेस्ट२' हेच उदाहरण आहे. इतकेच नव्हे, तर हे नाव पाहून नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने ते यंत्र पुसून दुसऱ्या चाचणीसाठी वापरता येईल का, अशी विचारणा केली होती. त्याने आधी विचारले म्हणून आमच्या फाइली वाचल्या. इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांमध्ये १९९० साली संगणकाचे नाव कसे निवडावे यावर एक स्वतंत्र टिपण निघाले, आणि एखाद्या प्रकल्पावरून किंवा स्वतःच्या नावावरून यंत्राला नाव देऊ नये, हे त्यातही सांगितले आहे. आता मी यंत्राला कामाशी संबंध नसलेले छोटे, उच्चारायला सोपे आणि फोनवर सांगताना गोंधळ न होणारे नाव देतो, आणि कामाचे नाव डीएनएसमध्ये उपनाव म्हणून वेगळे ठेवतो. या यंत्राला आम्ही 'पिंपळ' म्हणतो. त्यावरच्या सामायिक फाइलींसाठी 'फाइल्स' हे उपनाव आहे, आणि उद्या फाइली दुसऱ्या यंत्रावर गेल्या तर ते उपनाव तिकडे वळवता येईल.

मराठी लिहिणाऱ्यांना साहजिकच वाटेल, की नाव देवनागरीत का नसावे. डीएनएसमध्ये देवनागरी नाव वापरता येते, पण आतमध्ये त्याचे इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात रूपांतर होते आणि ते रूप 'एक्सएन' आणि दोन जोडरेघांनी सुरू होते. यंत्राच्या मूळ नावासाठी हा मार्ग धरू नये, कारण नोंदींमध्ये आणि त्रुटींच्या संदेशांमध्ये ते सांकेतिक रूपच वाचावे लागते. मात्र लिनक्सवर यंत्राला मूळ नावाबरोबर एक शोभेचे नावही देता येते, ज्यात अक्षरांचे बंधन नसते. आमच्या यंत्राच्या शोभेच्या नावात 'पिंपळ – सामायिक फाइली' असे देवनागरीत लिहिले आहे, आणि ते पाहून मला खरोखर आनंद होतो.

आता प्रत्यक्ष बदल. लिनक्सवर होस्टनेमसीटीएल ही आज्ञा नवे नाव ईटीसी फोल्डरमधल्या होस्टनेम फाइलमध्ये लिहिते आणि चालू प्रणालीलाही लगेच कळवते. यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही. पण ती होस्ट्स फाइलला हात लावत नाही. डेबियन आणि उबुंटूवर त्या फाइलमध्ये १२७.०.१.१ या पत्त्यासमोर यंत्राचे स्वतःचे नाव लिहिलेले असते. तिथे जुने नाव राहिले, तर प्रत्येक सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेल्या) आज्ञेच्या वेळी 'या होस्टचा पत्ता सापडत नाही' अशा अर्थाचा इशारा येतो, आणि कधी कधी आज्ञा चालण्यापूर्वी काही सेकंद थांबूनही राहते. त्यामुळे आधी होस्ट्स फाइलमध्ये नवे नाव जुन्याच्या शेजारी लिहावे, मग मूळ नाव बदलावे, आणि सगळे स्थिर झाल्यावर जुने काढावे. क्लाउडवरच्या यंत्रांमध्ये आणखी एक अडचण असते. क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम यंत्र सुरू होताना नाव पुन्हा पूर्वीसारखे करू शकतो. नाव जसे आहे तसे राखावे, असे त्याच्या मांडणीत सांगावे लागते. ज्यांचे नाव रीस्टार्टनंतर आपोआप मूळ पदावर येते, त्यांनी सर्वप्रथम तिथे पाहावे.

आधीच सुरू असलेले प्रोग्राम जुने नाव धरून बसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. फाइली वाटणारा सांबा हा प्रोग्राम वेगळे काही सांगितले नसेल तर यंत्राच्या नावावरूनच स्वतःचे नेटबायोस नाव ठरवतो, पण ते तो सुरू होतानाच वाचतो. रीस्टार्टची सक्ती नसली तरी नाव बदलल्यानंतर मी यंत्र एकदा मुद्दाम रीस्टार्ट करतो. काही महिन्यांनी वीज गेल्यावर मध्यरात्री कळण्यापेक्षा, सगळे काही नव्या नावाने उठते की नाही हे आपण समोर बसलेले असताना कळलेले चांगले.

विंडोजवर सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यातील अबाउट या पानावर नाव बदलता येते आणि रीस्टार्ट करावेच लागते. मॅकवर तीन नावे असतात: माणसांना दिसणारे संगणकाचे नाव, स्थानिक जाळ्यातले 'लोकल' या शेपटाचे नाव, आणि होस्टनेम. सेटिंग्जमधून पहिली दोन बदलतात. तिसरे हवे असेल तर टर्मिनलमधून स्वतंत्रपणे द्यावे लागते. 'लोकल' हे शेपूट लावलेले नाव डीएनएस सर्व्हरशिवाय चालते, कारण प्रत्येक यंत्र २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर स्वतःच्या नावाची घोषणा करते. त्या नावाचे दुसरे यंत्र आधीच असेल, तर मॅक आपल्या नावापुढे आपण होऊन २ जोडतो.

पत्त्याच्या बाबतीत भरायचे आकडे चार असतात: पत्ता, सबनेट मास्क, गेटवे (विभागाबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) आणि डीएनएस सर्व्हर. यातला सर्वांत दुर्लक्षित आकडा मास्क हाच आहे, आणि माझी चूक तिथेच झाली. आमच्याकडे सर्व्हर १९२.१६८.१० या विभागात आहेत आणि माझे टेबल १९२.१६८.२० या विभागात आहे. दोन्हींच्या मध्ये राउटर आहे. मी माझ्या टेबलावरून एसएसएचने (दुरून आज्ञा चालवण्याच्या सोयीने) त्या यंत्रात शिरलो, नवा पत्ता लिहिला, आणि मास्क २४ बिटांचा लिहिण्याऐवजी १६ लिहिला. बदल लागू केला आणि जोडणी तुटली. पत्ता बदलल्यावर जोडणी तुटणे अपेक्षितच होते, म्हणून मी नव्या पत्त्यावर पुन्हा प्रयत्न केला. उत्तर आले नाही. यंत्राशेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "इथे तर सगळं चालतंय."

दोघेही खरे बोलत होतो. मास्क संगणकाला एवढेच सांगतो, की पत्त्याचा कोणता भाग शेजाऱ्यांमध्ये सारखा असतो. २४ बिटांच्या मास्कनुसार १९२.१६८.१० पर्यंतचा भाग सारखा असणारेच शेजारी, म्हणजे माझा १९२.१६८.२०.१५ हा पत्ता परका, आणि परक्याकडे जाणारे पॅकेट गेटवेकडे सोपवायचे. १६ बिटांच्या मास्कनुसार मात्र १९२.१६८ एवढेच जुळले की तो शेजारी. त्यामुळे माझी विनंती राउटरमधून त्या यंत्रापर्यंत पोहोचत होती, यंत्र उत्तर द्यायलाही तयार होते, पण गेटवेकडे न जाता ते आपल्याच केबलवर 'वीस-पंधरा कोण आहे?' असे एआरपीने विचारत राहिले. मी त्या केबलवर नव्हतोच, त्यामुळे उत्तर द्यायला कोणी नव्हते. शेजारच्या विभागातल्यांना दिसत नाही आणि आपल्या विभागातल्यांना दिसते, अशी तक्रार आली की मी आता सर्वांत आधी मास्क पाहतो, नंतर गेटवे. गेटवे चुकला तरी लक्षण हेच असते.

त्या दिवशी सहकाऱ्याला फोनवर एकेक अक्षर सांगून फाइल दुरुस्त करावी लागली. ही वेळ टाळण्याची सोय आधीपासून उपलब्ध आहे आणि मी ती वापरायला हवी होती. उबुंटूवर नेटवर्कची मांडणी करणाऱ्या नेटप्लॅनची 'ट्राय' ही आज्ञा नवी मांडणी लागू करते आणि १२० सेकंद वाट पाहते. तेवढ्या वेळात आपण एंटर दाबून होकार दिला नाही, तर जुनी मांडणी परत आणते. जोडणी तुटली तर होकार देणे शक्यच नसते, आणि म्हणून यंत्र आपसूक मूळ जागी येते. त्याचा तोटा एवढाच, की बरोबर पत्ता दिला तरी आपली जोडणी तुटते आणि होकार देता येत नाही. म्हणून नवा पत्ता जुन्याच्या जोडीने ठेवावा, जुन्या पत्त्यावरची जोडणी टिकते आणि होकार देता येतो. इतर लिनक्सवर पाच मिनिटांनी जुनी फाइल परत ठेवून नेटवर्क पुन्हा सुरू करणारे काम आधीच वेळापत्रकात टाकावे, आणि सगळे ठीक दिसल्यावर ते रद्द करावे. दूरच्या यंत्राचा पत्ता यापैकी काहीही न करता बदलणे मी आता पूर्णपणे सोडले आहे.

पत्ता यंत्रावर हाताने भरावा, की राउटरमध्ये त्याच्या मॅकसाठी राखून ठेवावा, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझ्या मते राउटर, डीएनएस आणि डीएचसीपी देणारी यंत्रे यांचे पत्ते हाताने भरावेत, कारण दुसरे काहीही सुरू नसताना ती उभी राहिली पाहिजेत. प्रिंटर, कॅमेरे, रोजचे संगणक यांचे पत्ते राउटरमध्ये राखून ठेवावेत; सगळी यादी एका जागी दिसते आणि उद्या डीएनएस सर्व्हर बदलला तर प्रत्येक यंत्राकडे जावे लागत नाही. फाइल सर्व्हरचे मी दोन्ही केले: पत्ता हाताने भरला आणि राउटरमध्येही नोंदवला, म्हणजे यादी खरी राहील. हाताने भरलेला पत्ता वाटपाच्या टप्प्याबाहेर हवा, हे १२० ने शिकवले. फोन आणि टॅब्लेट यांच्याबाबत मात्र सावध राहावे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे फोन वायफायवर खऱ्या मॅकऐवजी बनवलेला मॅक दाखवतात, त्यामुळे जुन्या मॅकवर राखलेला पत्ता त्यांना मिळत नाही.

राउटरमधला बदल इतर यंत्रांपर्यंत लगेच पोहोचत नाही, हेही सांगायला हवे. डीएचसीपीने दिलेला पत्ता ठराविक मुदतीसाठी असतो. सामान्यतः निम्मी मुदत संपल्यावर यंत्र नूतनीकरण मागते. मुदत २४ तासांची असेल, तर सकाळी केलेला बदल काही यंत्रांना रात्री कळतो. त्या लॅपटॉपने १२० सोडावा म्हणून मला त्यावर पत्ता मुद्दाम सोडून नवा मागावा लागला. एखाद्या यंत्राला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपीकडून काहीच उत्तर आले नाही आणि यंत्राने स्वतःच तो घेतला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी डीएनएस तपासण्यात वेळ घालवू नये. आभासी यंत्रांच्या प्रती काढणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: प्रतीचे नाव बदलले आणि तिचा मशीन-आयडी (प्रणालीने साठवलेली यंत्राची ओळख) तसाच राहिला, तर मॅक वेगळे असूनही दोन प्रतींना एकच पत्ता मिळू शकतो, कारण काही लिनक्स प्रणाली डीएचसीपीला ओळख म्हणून त्या आयडीवरून बनवलेला क्रमांक देतात.

आता पाच आठवड्यांकडे येतो. डीएनएसमधली प्रत्येक नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची, हे त्या नोंदीबरोबरच सांगितलेले असते. आमची नोंद ८६,४०० सेकंदांची, म्हणजे एका दिवसाची होती. बदलाच्या दोन दिवस आधी ती मी ३०० सेकंदांवर आणली. हे किमान एक पूर्ण दिवस आधी करून ठेवायला हवे, कारण बदलाच्या क्षणी कमी केलेली मुदत जुनी नोंद घेऊन बसलेल्यांना कळत नाही. दुसरे असे, की नवे नाव डीएनएसमध्ये घालण्यापूर्वी ते चालते का हे उत्सुकतेने तपासू नये. 'असे नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवले जाते, आणि मग नाव घातल्यानंतरही तेच उत्तर काही काळ मिळत राहते.

मुख्य युक्ती अशी केली. यंत्राच्या एकाच कार्डावर दोन्ही पत्ते ठेवले: २० हा मुख्य आणि १२० हा दुय्यम. डीएनएसमध्ये 'पिंपळ' नव्या पत्त्याकडे जाते आणि 'टेस्ट२' जुन्या पत्त्याकडेच राहू दिले. अशा रचनेत जो कोणी १२० वर येईल, तो एक तर जुन्या नावाने आला असेल किंवा थेट जुन्या आकड्याने; आणि डीएनएस सर्व्हरवर चौकशांची नोंद चालू ठेवली, की या दोहोंत फरक करता येतो. मग टीसीपीडम्प या प्रोग्रामने १२० कडे नवी जोडणी मागणारी पॅकेट तेवढी नोंदवायला लावली. रोज सकाळी ती नोंद उघडून आदल्या दिवशी कोण आले ते पाहायचे, त्या यंत्राकडे जायचे, आणि जुना उल्लेख शोधून बदलायचा.

पहिल्या दिवशी जवळपास सगळेच आले, कारण प्रत्येकाच्या संगणकावर जोडलेला ड्राइव्ह जुन्या नावाचा होता. आठवड्याभरात ते संपले. मग स्कॅन करणारा प्रिंटर सापडला; त्याच्या छोट्या पडद्यावरच्या मांडणीत पत्ता थेट आकड्यांत लिहिलेला होता. त्यानंतर एक लॅपटॉप रोज येत राहिला, पण डीएनएसच्या नोंदीत त्याची चौकशी कधीच दिसेना, आणि सांबाच्या नोंदीत मात्र तो 'टेस्ट२' या नावानेच फोल्डर मागत होता. म्हणजे नाव माहीत आहे, पण पत्ता डीएनएसला विचारलेला नाही. त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये ती ओळ होती. तीन वर्षांपूर्वी डीएनएस सर्व्हर एक दिवस बंद पडला होता, तेव्हा मीच ती तात्पुरती लिहिली होती.

या पद्धतीत न दिसणारी एक बाजू आहे. १२० वर येणारे सापडतात; पण हे यंत्र स्वतः जिकडे जाते, तिथे आता ते २० या मुख्य पत्त्याने जाते. आमच्या बॅकअपची दुसरी प्रत ज्या यंत्रावर ठेवली जाते, त्याने आपले सामायिक फोल्डर फक्त १९२.१६८.१०.१२० साठीच खुले ठेवले होते. पहिल्याच रात्री दुसरी प्रत गेली नाही, आणि बॅकअपचा अहवाल रोज वाचायची सवय असल्यामुळे ते सकाळी कळले. म्हणून बदलापूर्वी यंत्रावरून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची यादीही करावी आणि पलीकडच्या प्रत्येक ठिकाणी परवानगी नावाने दिली आहे की आकड्याने, हे पाहून घ्यावे.

प्रमाणपत्रांचेही असेच. यंत्रावर सुरक्षित वेबपान असेल, तर त्याच्या प्रमाणपत्रात नवे नाव लिहिलेले असले पाहिजे, अन्यथा ब्राउझर इशारा देतो. संक्रमणाच्या काळात जुने आणि नवे दोन्ही नावे असलेले प्रमाणपत्र घ्यावे. विंडोजच्या डोमेनमध्ये केर्बेरॉस या ओळख पडताळणाऱ्या पद्धतीचे तिकीट नावावर मिळते, त्यामुळे तिथे डीएनएसमध्ये नुसते उपनाव टाकून भागत नाही, ते नाव त्या सेवेसाठी डोमेनमध्येही नोंदवावे लागते. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरणाऱ्यांना दोन पत्ते एकत्र ठेवण्याची ही कल्पना नवीन वाटणार नाही, कारण १२८ बिटांच्या त्या पद्धतीत एका कार्डावर अनेक पत्ते असणे हीच नेहमीची स्थिती आहे.

तिसऱ्या आठवड्यानंतर नोंद कोरी येऊ लागली. सहकाऱ्यांचे म्हणणे पडले, की आता १२० काढून टाकावा. मी महिना उलटेपर्यंत थांबलो, कारण काही कामे महिन्यातून एकदाच होतात. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी नोंदीत एक ओळ आली: हिशेबाच्या संगणकावरची मासिक प्रत काढणारी स्क्रिप्ट, थेट आकड्याने. ती लिहिणारा सहकारी केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि तिच्याबद्दल कोणालाही माहिती नव्हती. तिच्यात आकड्याच्या जागी 'फाइल्स' हे उपनाव लिहिले, ती हाताने एकदा चालवून प्रत नीट उतरल्याची खात्री केली, आणखी एक आठवडा कोरी नोंद पाहिली, आणि मग १२० त्या कार्डावरून काढला. राउटरमध्ये तो पत्ता मी सध्या कोणालाच मिळणार नाही असा अडवून ठेवला आहे; राहून गेलेले एखादे यंत्र त्या पत्त्यावर आलेच, तर त्याला कोणा परक्याचा लॅपटॉप भेटण्याऐवजी काहीच भेटू नये.